शेजाऱ्याची सही

देवळाली प्रवरा म्हटले की परगावचा माणूस नाशिकजवळची छावणीची देवळाली समजतो. ही देवळाली राहुरी तालुक्यातली, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेकाठच्या या पट्ट्यात पाटपाण्याची पाळी आली. पाळी रात्री दोनला लागली की शेजाऱ्याला हाक मारावीच लागे. भांडणही त्याच्याशीच होई.

अशा गावांतल्या अनेक घरांत सध्या एकच वाद चालू आहे. मुले पुण्याला स्थायिक झालेली. त्यांचा आग्रह, घर विका आणि आमच्याजवळ फ्लॅट घ्या. आईवडील म्हणतात, तिथे दार लावले की कोणी कोणाचे नाही. इथे निदान माणसे आहेत.

मला हे अर्धेच पटते. माणसे होती ती ओट्यामुळे. ओटा घराचा असला तरी बसायला सगळ्या आळीचा. आता गावातही बंगले उठले आहेत. त्यांना कुंपणाची भिंत आहे, लोखंडी फाटक आहे, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आहे. ओटा तेवढा नाही. उलट मुंबईच्या गिरगावात, केशवजी नाईक चाळीत, १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला. चाळीत कोणाचे स्वतंत्र अंगण नसते, सामाईक गॅलरी असते. एकाच्या घरचा ताप दुसऱ्याला न सांगता कळतो. (ताप या शब्दाचे दोन्ही अर्थ घ्यावेत.)

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद पाहिले. गावच्या शाखेत लहानसे कर्ज असले तरी जामीनदार लागे आणि जामीनदार बहुधा शेजारीच असे. तो सही करताना कुरकुरे, पण करी. पुढे घरकर्जे वाढली. फ्लॅटच तारण, मग शेजाऱ्याची सही कशाला? व्यवहार सोपा झाला. मात्र एकमेकांवर विसंबण्याचे एक कारण कमी झाले.

गंमत अशी, की कायद्याने फ्लॅटवालेच एकमेकांना अधिक बांधलेले आहेत. गृहनिर्माण संस्थेचा सभासद पन्नास रुपयांचे दहा भाग घेतो. जिना, गच्ची, पाण्याची टाकी सगळ्यांची. १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. बंगलेवाल्यांना एकत्र बसवणारा असा कोणताही कायदा नाही. पण या सभेला येतात कोण? गळती लागलेले आणि पार्किंगवरून चिडलेले. बाकीचे मेंटेनन्सचा चेक पाठवून मोकळे होतात. आजारी म्हाताऱ्याच्या दारावर टकटक करण्याचे काम मात्र चेकने होत नाही.

म्हणून देवळालीचे घर विकण्याआधी आईवडिलांनी फ्लॅटच्या फरशा आणि नळ जरूर पाहावेत. पण विकणाऱ्या सभासदाला सांगून सभेचे रजिस्टरही मागून घ्यावे. शेवटच्या सभेला किती सह्या आहेत, त्या मोजाव्यात.