एक साल, अनेक गोष्टी : १८५३

वाचकहो, या सदरात आपण दर खेपेस एक साल उघडून बसतो. आजचे साल १८५३. हा आकडा ऐकला की कोणीही मराठी माणूस चटकन म्हणेल, "बोरीबंदर ते ठाणे!" बरोबर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी, २१ तोफांच्या सलामीत, हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढायला 'सिंध', 'सुलतान', 'साहिब' अशी तीन इंजिने! या रेल्वेसाठी खटपट करणारे आपले नाना शंकरशेटही त्या गाडीत होते. ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर गाडीने सुमारे तासाभरात तोडले.

शाळेच्या पुस्तकात १८५३ चे पान इथेच संपत असे. पण त्या पानाला पाठची बाजू आहे, आणि ती आपण सध्या राहतो त्या किनाऱ्याची आहे. गाडी सुटून महिनाही झाला नव्हता, तोच मे १८५३ मध्ये अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान आणि उम्म अल् कुवैन इथल्या शेखांनी इंग्रजांशी कायमचा सागरी तह केला. समुद्रावर एकमेकांशी लढाई करायची नाही. कोणी कुरापत काढलीच तर परस्पर बदला घ्यायचा नाही, इंग्रज अधिकाऱ्याकडे दाद मागायची. तह जुळवून आणणारा अधिकारी केम्बॉल बसे इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरला, आणि त्याचे वरिष्ठ सरकार होते मुंबईचे! १८७३ पर्यंत या आखाताचा कारभार मुंबई सरकारच पाहत असे. म्हणजे आगगाडी आणि तह, दोन्हींचे कागद एकाच शहरात फिरत होते.

या तहाची गरज का पडली? मोत्यांमुळे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावरची गलबते मोती काढायला समुद्रात जात. हंगामात भांडणे झाली तर सगळ्यांच्याच पोटावर पाय. म्हणून १८३५ मध्ये आधी फक्त हंगामापुरता तह झाला, १८४३ मध्ये दहा वर्षांचा, आणि ती मुदत संपल्यावर १८५३ मध्ये कायमचा. इथले मोती विकले जात ते मुख्यतः मुंबईच्या बाजारात. तेव्हा शांतता शेखांना हवी होती, पाणबुड्यांना हवी होती आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनाही. जमिनीवरच्या भांडणांशी मात्र इंग्रजांना देणेघेणे नव्हते. त्यांना हवा होता हिंदुस्थानचा मोकळा जलमार्ग.

याच तहावरून या प्रदेशाला 'ट्रूशल' हे इंग्रजी नाव पडले आणि १९७१ पर्यंत टिकले. त्याआधी इंग्रजांच्या नकाशावर याचे नाव होते 'चाच्यांचा किनारा'. इथे मात्र आपण मराठी माणसांनी जरा थांबायला हवे. कारण हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. कान्होजी आंग्रे आपले सरखेल, मराठ्यांच्या आरमाराचे धनी. पण मुंबईच्या इंग्रजांच्या दफ्तरात ते चाचे! आमच्या समुद्रातून जायचे तर आमचे दस्तक घ्या, एवढेच ते म्हणत होते. त्यासाठी कंपनीने १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर हल्ला केला, आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेली.

पुढे शंभर वर्षांनी तोच शब्द शारजा आणि रास अल् खैमाच्या कासिमींना लावला गेला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी मुंबईहून मोठी फौज निघाली आणि तिने रास अल् खैमा पाडले. तिच्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या, आणि त्या पलटणींत तेव्हा कोकणातल्या माणसांचा भरणा मोठा असे. या भूमीवर आपली माणसे तेव्हा अशीही येऊन गेली आहेत, पाहुणे म्हणून नव्हे. १८२० मध्ये शेखांवर पहिला तह लादला गेला. त्यावर ज्या सुलतान बिन सक्र अल् कासिमींचा शिक्का होता, त्यांचाच १८५३ च्या तहावरही आहे.

शारजाचे शासक डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल् कासिमी यांनी १९८६ मध्ये यावर इंग्रजीत एक पुस्तकच प्रसिद्ध केले. चाचेगिरीचा आरोप हे निमित्त होते, कंपनीला हिंदुस्थानचा व्यापार हाती ठेवायचा होता, असे त्यांचे म्हणणे. सगळ्याच इतिहासकारांना ते पटलेले नाही. पण त्यांनी पुरावे शोधले ते मुंबईच्या सरकारी दफ्तरखान्यात, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. इथल्या राज्यकर्त्याला आपल्या पूर्वजांची बाजू मांडायला आपल्या गावचे कागद चाळावे लागले!

त्या साली कंपनीची भूक मोठी होती. मे महिन्यातच फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून कापसाचा वऱ्हाड तिच्या ताब्यात आला. नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव गेले, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले. दोघांनाही औरस वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने दोन्ही राज्ये खालसा केली. त्याच डलहौसीने रेल्वेचे जाळे विणण्याची प्रसिद्ध टिपणी लिहिली ती एप्रिल १८५३ मध्ये. लोहमार्ग, कापूस, जलमार्ग, सगळे एकाच हिशेबाच्या वहीतले.

दूर पूर्वेला जुलैमध्ये अमेरिकेचा पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या दारात उभा राहिला. पुढच्या वर्षी ते दार उघडले. त्याचा आपल्याशी काय संबंध, असे म्हणाल. पण त्याच जपानने पुढे कृत्रिम रीतीने मोती पिकवले आणि १९३० च्या सुमारास, जागतिक मंदीच्या भरीला, या किनाऱ्याचा मोत्यांचा धंदा बसला. घराघरांत चूल विझायची वेळ आली. तेल त्यानंतरचे.

मंडळी, आपल्यातले बरेचजण समजतात की मुंबई आणि या किनाऱ्याचे नाते आपल्या व्हिसापासून सुरू झाले. १९६६ पर्यंत इथे रुपया चालत होता, १९८२ पर्यंत मुंबईहून 'द्वारका' बोट येत होती, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण नाते त्याहूनही जुने, आणि सगळे गोड नाही. आपली मुले इथे वाढतात. आंग्रे त्यांना शिकवताना आपली छाती फुगते. तेव्हा रास अल् खैमाचे संग्रहालय दाखवायला न्याल, त्या वेळी कासिमींची गोष्टही त्याच न्यायाने सांगा. शेजाऱ्याच्या पूर्वजांना आपल्या पूर्वजांच्याच मापाने मोजायचे, एवढे जमले तरी पुष्कळ.

पुढच्या अंकात १८५४. मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची कथा घेऊन भेटूच.