दिवाळखोरीचा अर्ज कुठे मिळतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी सूतगिरणी चौकात मी आणि माझा एक मित्र चहा पीत उभे होतो. मित्र वाळूजला नोकरी करतो. पगार बरा, गारखेड्यात स्वतःचा (म्हणजे बँकेचा!) फ्लॅट. पंधरा मिनिटांत त्याचा फोन नऊ वेळा वाजला, पण त्याने एकदाही उचलला नाही. शेवटी म्हणाला, "अरे, अमेरिकेत लोक बँकरप्सी फाईल करतात आणि मोकळे होतात ना? आपल्याकडे तो अर्ज कुठे मिळतो?"

मी हसलो. तो हसला नाही.

मग एकेक कळत गेलं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी पर्सनल लोन, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड आणि कार्ड भरायला मोबाईल ॲपवरचं कर्ज. वसुलीवाल्याने थेट सासऱ्यांना फोन करून सांगितलेलं, "तुमचे जावई जेलमध्ये जाणार." बायकोला हे सगळं कळलं ते तिच्या वडिलांकडून! वर "निम्म्यात सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्या एका एजंटला वीस हजार आगाऊ दिलेले. तो आता फोन घेत नाही.

माझा रविवार वाचण्यात गेला. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर चमत्कारिक आहे. कायदे आहेत, पण इंग्रजांचे. मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा आणि देशाच्या बहुतेक बाकी भागासाठी १९२० चा. १९२० च्या कायद्यात अर्जासाठी कर्जाची किमान मर्यादा आहे ५०० रुपये! २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी नवा भाग लिहिला खरा, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. तुमच्याआमच्यासाठी नाही. त्यातली कर्जमाफीची 'नव्याने सुरुवात' मिळवायला वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत आणि कर्ज ३५,००० च्या आत हवं, आणि तीही लागू नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहून तयार आहे, रिलीज कुणी करत नाही.

गंमत म्हणजे १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ च्या दख्खन कृषक कायद्यात शेतकऱ्यांसाठी नादारीचं स्वतंत्र प्रकरण होतं. परक्या सरकारला दंगलीनंतर का होईना, सुचलं. पगारदार माणूस दंगल करत नाही, तो फोन सायलेंटवर टाकतो... असो.

सोमवारी अर्धी रजा टाकून आम्ही अदालत रोडला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घराचा हप्ता भरला का?" नव्हता भरला! जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे, असं आमच्या हुशार इंजिनिअरचं चाललं होतं. बाईंनी समजावलं की घर तारण आहे. खातं थकीत ठरलं की २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता ताब्याची कारवाई सुरू करू शकते. कार्डवाल्याला आधी दावा जिंकावा लागतो, आणि त्यानंतरही पगाराच्या पहिल्या हजारावर आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांशावर जप्ती येत नाही.

जेलचं काय? नुसता हप्ता थकला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. खरोखर ऐपत नसलेल्याला कर्जापायी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. चेक बाऊन्स झाला तर मात्र फौजदारी केस होते, आणि ऑटो-डेबिट परत गेलं तरी होऊ शकते. त्यामुळे समन्स आलं तर हजर राहायचंच. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, नातेवाइकांना छळायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लेखी तक्रार करा, कर्ज देणाऱ्या संस्थेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि वकिलाची फी? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाईन १५१००. मित्र त्यात बसत नव्हता, पण दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत न्यायला पगाराची अट नसते. तिथे कार्ड आणि पर्सनल लोनची तडजोड झाली, हप्ते बांधून मिळाले. पण हे फुकटचं सुख नाही. तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, अपील नाही, हप्ता चुकला तर थेट वसुली. आणि सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शिक्का बसतो.

माझं मत विचाराल तर तो २०१६ चा भाग सर्वसामान्यांना ताबडतोब लागू करायला हवा. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी रीतसर प्रक्रिया आहे, माणूस बुडाला तर त्याने शंभर वर्षांपूर्वीचा कायदा धुंडाळायचा, हा कुठला न्याय? पण तो दिवस येईपर्यंत एक करा. प्रॉडक्शन सर्व्हर डाऊन झाला तर आपण पाच मिनिटांत दहा जणांना उठवतो. मग पहिला हप्ता चुकला की आठ महिने गप्प का बसतो? मित्र आधी आला असता तर एजंटचे वीस हजार वाचले असते, आणि बायकोला हे सासऱ्यांकडून कळलं नसतं.

ॲपवाल्याचं भांडण अजून चालू आहे. फोन अजूनही येतात. आता तो उचलतो, फोन करणाऱ्याचं नाव विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो. वही वहिनींनी आणून दिली आहे.