जयंतीपुरते संस्कार

मुलांवर कोणते संस्कार व्हावेत, असे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील सुलतानपुरात कोणालाही विचारा. उत्तरात जिजाऊंचे नाव हमखास येईल. १५९८ साली त्यांचा जन्म झाला तो याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे, आणि दर १२ जानेवारीला, त्यांच्या जयंतीदिनी, तिथे जनसागर लोटतो. हा अभिमान रास्तच आहे. पण जिजाऊंची शिकवण पाळण्यात ऐकवलेल्या कथांपुरती नव्हती. त्यांच्या देखरेखीखाली पुण्याच्या ओसाड मुलखात पुन्हा नांगर फिरला, रयतेला न्याय मिळू लागला, आणि हे सारे शिवरायांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले. १६४६ मध्ये एका स्त्रीशी बदअंमल करणाऱ्या रांझ्याच्या पाटलाचे त्यांनी हातपाय तोडवले. गुन्हेगार वतनदार आहे, याचा मुलाहिजा ठेवला नाही.

शिक्षेचा तो प्रकार त्या काळाचा. त्यामागचे स्त्रीसन्मानाचे मूल्य आजचेही आहे. मात्र २०११च्या जनगणनेत याच बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ९००च्याही खाली होती. घरातही बोलणे आणि वागणे यांत असेच अंतर असते. ‘खरे बोल’ म्हणणारे वडील फोनवर ‘घरी नाही म्हणून सांग’ असे मुलालाच सांगतात. समतेचे धडे देणाऱ्या घरात जेवणानंतरची ताटे मुलीच उचलतात. मुले उपदेश विसरतात, वागणूक उचलतात. तेव्हा जयंतीला मुलांना जिजाऊ-शिवबांचा वेश जरूर चढवा. पण त्याआधी घरातल्या लेकीला लेकाइतकाच मान, शिक्षण आणि वाटा द्या.