‘दिली’ या क्रियापदाविरुद्ध : महिला आइस हॉकी लीगचा इतिहास

#थ्रेड

१/ १ जानेवारी २०२४ रोजी टोरोंटोत प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा (पीडब्ल्यूएचएल) पहिला सामना झाला. न्यू यॉर्कने यजमानांना ४-० असे हरवले. तेव्हापासून या लीगची जन्मकथा एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘एका अब्जाधीशाने महिलांना लीग दिली.’ या वाक्यातील ‘दिली’ हे क्रियापद असत्य आहे. हा धागा त्या क्रियापदाविरुद्ध आहे.

२/ या वाक्यामागे एक युक्तिवाद दडलेला असतो. महिलांच्या आइस हॉकीला प्रेक्षक नव्हते, म्हणून बाजार नव्हता, म्हणून लीग नव्हती. पुढे कोणा उदार माणसाने तोटा सोसण्याची तयारी दाखवली आणि लीग उभी राहिली. हा युक्तिवाद नीटनेटका दिसतो. इतिहासाच्या कागदपत्रांसमोर मात्र तो टिकत नाही.

३/ सुमारे १८९० चे एक छायाचित्र उपलब्ध आहे. ओटावातील रिडो हॉल या गव्हर्नर जनरलच्या निवासस्थानी, बर्फाच्या मैदानावर स्त्रिया हॉकी खेळत आहेत. त्यांत लॉर्ड स्टॅन्ली यांची कन्या इसोबेल आहे. १८९२ मध्ये याच लॉर्ड स्टॅन्लींनी आज जगप्रसिद्ध असलेला करंडक दिला. तो पुरुषांच्या हॉकीचा मानबिंदू झाला. घरच्या अंगणात कन्या खेळत होती. खेळाची संस्था मात्र तिला वगळून उभी राहिली.

४/ १९३० च्या दशकात ऑन्टारिओतील प्रेस्टन या लहान गावात ‘रिव्ह्युलेट्स’ हा महिला संघ होता. प्रांताची अजिंक्यपदे त्याने एकामागून एक जिंकली आणि देशाचे विजेतेपदही अनेकदा मिळवले. दहा वर्षांच्या कारकिर्दीत त्याचे पराभव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ऐन आर्थिक मंदीत हे घडले. दुसरे महायुद्ध आले आणि संघ विसर्जित झाला. युद्धानंतर पुरुषांची हॉकी पुन्हा बहरली. स्त्रियांच्या हॉकीची घडी पुन्हा बसवण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

५/ त्या उपेक्षेचे फळ पाहा. १९५६ मध्ये टोरोंटोत ‘अ‍ॅब हॉफमन’ नावाचा बचावपटू मुलांच्या संघात उत्तम खेळत होता. निवडक संघासाठी जन्मदाखला तपासला गेला, तेव्हा ‘अ‍ॅब’ म्हणजे अ‍ॅबिगेल ही मुलगी असल्याचे उघड झाले. मुलींसाठी संघच नव्हता, म्हणून तिने केस आखूड कापून मुलांत नाव नोंदवले होते. कुटुंब न्यायालयात गेले आणि हरले. पुढे हीच अ‍ॅबी हॉफमन ८०० मीटर धावण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिकपटू झाली.

६/ तीस वर्षांनंतरही परिस्थिती तीच होती. जस्टिन ब्लेनी या मुलीची मुलांच्या संघात गुणवत्तेवर निवड झाली, पण संघटनेने तिला खेळू दिले नाही. ऑन्टारिओच्या मानवाधिकार संहितेत क्रीडा संघटनांना लिंगभेदाची स्पष्ट मुभा होती. १९८६ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. ज्या खेळात मुलींना दूर ठेवण्याची सोय कायद्यातच होती, त्या खेळात ‘मागणी नव्हती’ असे म्हणणे म्हणजे दाराला कुलूप लावून ‘पाहुणे आलेच नाहीत’ असे सांगणे होय.

७/ कुलूप निघताच काय झाले? १९९० मध्ये ओटावात महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५-२ ने हरवले. १९९८ मध्ये नागानो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. तेथे अमेरिकेने कॅनडाला ३-१ ने हरवून सुवर्ण जिंकले. राष्ट्रीय संघ उभे राहिले. पण दोन ऑलिम्पिकांमधील चार वर्षे या खेळाडूंनी कोठे खेळावे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

८/ २००७ मध्ये खेळाडूंच्याच पुढाकाराने कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग (सीडब्ल्यूएचएल) सुरू झाली. पहिली दहा वर्षे तिच्यात वेतन नव्हते. ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या खेळाडू दिवसा नोकरी करत आणि रात्री सराव करत. २०१७-१८ च्या हंगामात प्रथमच मानधन मिळाले : संपूर्ण हंगामाचे किमान २,००० आणि कमाल १०,००० डॉलर. ३१ मार्च २०१९ रोजी लीगने बंद होत असल्याची घोषणा केली.

९/ अमेरिकेत २०१५ मध्ये चार संघांची नॅशनल विमेन्स हॉकी लीग आली. वेतन देणारी लीग म्हणून तिचा गौरव झाला. किमान रक्कम हंगामाला १०,००० डॉलर होती. दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, या वेतनात मोठी कपात झाली. टीकाकारांना हवा तो पुरावा मिळाला : ‘पाहा, चालत नाही.’

१०/ आता हाच निकष पुरुषांना लावू. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) १९१७ मध्ये स्थापन झाली. पहिल्याच हंगामात मॉन्ट्रियल वॉन्डरर्सचे रिंक जळाले आणि संघाने माघार घेतली. १९२५ मध्ये हॅमिल्टनच्या खेळाडूंनी जादा पैशांसाठी संप केला आणि तो संघच नाहीसा झाला. पुढे पिट्सबर्ग, ओटावा, मॉन्ट्रियल मरून्स असे संघ एकेक करून बुडाले. पंचवीस वर्षांनी, १९४२ मध्ये, सहाच संघ उरले होते. ‘पुरुषांच्या हॉकीला बाजार नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला? पुरुषांच्या अपयशाला ‘उमेदवारीचा काळ’ म्हटले गेले. स्त्रियांच्या अपयशाला मात्र ‘निकाल’.

११/ मग २०२३ मध्ये लीग ‘मिळाली’ कशी? त्याची बीजे २०१७ मध्ये आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने योग्य मोबदल्यासाठी जागतिक स्पर्धेवर बहिष्काराचा इशारा दिला. महासंघाने पर्यायी खेळाडू शोधायला सुरुवात केली, पण कनिष्ठ स्तरावरील खेळाडूंनी जागा भरण्यास नकार दिला. स्पर्धेच्या तीन दिवस आधी महासंघाला करार करावा लागला. याच संघाने नंतर सुवर्णही जिंकले.

१२/ मे २०१९ मध्ये, सीडब्ल्यूएचएल बंद होत असताना, दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केले : पुरेसे वेतन, आरोग्य विमा आणि व्यावसायिक सुविधा मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. त्यांनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि चार वर्षे केवळ प्रदर्शनी सामने खेळल्या. खेळाडूची कारकीर्द किती अल्प असते! अनेकींची उमेदीची वर्षे या नकारात खर्ची पडली. लीगचे पहिले भांडवल हे होते.

१३/ जून २०२३ अखेर मार्क वॉल्टर आणि बिली जीन किंग यांच्या गटाने प्रतिस्पर्धी लीग विकत घेऊन एकच नवी लीग जाहीर केली. वॉल्टर यांचा पैसा खरा आणि आवश्यक होता; तो नाकारण्याचे कारण नाही. पण क्रम लक्षात घ्या. पहिला सामना खेळला जाण्यापूर्वी खेळाडूंच्या युनियनचा २०३१ पर्यंतचा सामूहिक करार मंजूर झाला होता : किमान वेतन ३५,००० डॉलर, प्रत्येक संघाची सरासरी ५५,०००, आणि संघातील किमान सहा जणींना ८०,००० किंवा अधिक. दानपत्रावर घेणाऱ्याच्या अटी नसतात. हा करार होता.

१४/ या विजयाची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. विकत घेतलेल्या लीगमधील खेळाडूंचे आधी झालेले करार रद्दबातल ठरले. सात संघांच्या जागी सहा आले आणि अनेकींचे स्थान गेले. ज्या कराराने नवे युग सुरू झाले, त्यावर त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. हक्काच्या लढाईची किंमत कधी कधी शेजारच्या बाकावरील सहकारीही मोजतो. हे झाकून विजयगाथा लिहिणे ही इतिहासाशी प्रतारणा ठरेल.

१५/ आणि तो ‘नसलेला’ बाजार? २० एप्रिल २०२४ रोजी मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये मॉन्ट्रियल विरुद्ध टोरोंटो हा सामना पाहण्यास २१,१०५ प्रेक्षक आले. महिला आइस हॉकीतील हा तोपर्यंतचा विक्रम होता. लीगचा तो पहिलाच हंगाम होता. हे प्रेक्षक चार महिन्यांत निर्माण झाले नव्हते. त्यांना बसायला जागा, पाहायला वेळापत्रक आणि आपला म्हणायला संघ प्रथमच मिळाला होता.

१६/ हा प्रश्न दूर देशाचा म्हणून सोडून देऊ नये. भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतांश मुली लडाखच्या आहेत. त्यांचा सराव मुख्यतः हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यावर होतो. डेहराडूनचे बंदिस्त रिंक २०११ मध्ये उभे राहिले आणि नंतर अनेक वर्षे बंद पडून होते. तरीही २०२५ मध्ये या संघाने आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. उद्या त्यांनी लीग मागितली, तर ‘प्रेक्षक कोठे आहेत?’ हा प्रश्न त्यांना विचारला जाईलच. त्या वेळी आधी ‘रिंक कोठे होते?’ हे विचारावे.

१७/ पीडब्ल्यूएचएलच्या विजेत्यांना मिळणाऱ्या करंडकाचे नाव ‘वॉल्टर कप’ आहे. पुरुषांचा करंडक लॉर्ड स्टॅन्लींच्या नावाचा, स्त्रियांचा वॉल्टर कुटुंबाच्या नावाचा. देणाऱ्यांची नावे चांदीवर कोरली जातात. ज्या दोनशे जणींनी २०१९ मध्ये न खेळण्याचा निर्णय घेतला, त्यांच्या नावाचा करंडक नाही. म्हणून निदान क्रियापद तरी बदलू : लीग ‘दिली’ गेली नाही, ती मिळवली गेली.