नामांकन विकत मिळत नाही, बाई!

परवा भजनी मंडळातली एक मैत्रीण बांगड्या मोडायला निघाली होती. का, तर म्हणे, ‘मुलीच्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळवून देतो’ असं सांगून कुणीतरी चाळीस हजार मागितले होते. म्हटलं, थांब गं!

मैत्रिणींनो, प्रवेशिका म्हणजे नामांकन नव्हे. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद किंवा तिथे नोंदणी केलेल्या संगीत कंपन्याच प्रवेशिका पाठवू शकतात. स्वतंत्र कलाकारही सभासद होऊ शकतो. पण त्यासाठी संगीतक्षेत्रातल्यांची शिफारस लागते. गाणं ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध झालेलं आणि अमेरिकेत सर्वत्र उपलब्ध हवं. मग संगीतक्षेत्रातलेच सभासद मतं देतात. प्रवेशिकेला फी असू शकते, नामांकनाला भाव नसतो.

मुंबईत जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या फाल्गुनी शाह यांना मुलांच्या गाण्यांसाठी २०१९च्या ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार मात्र २०२२मध्ये! एवढा धीर आपल्यालाही नको का?

त्यापेक्षा लेकीला चांगल्या गुरूकडे पाठवा, नीट रेकॉर्डिंग करा आणि गाण्यावर तिचं नाव आठवणीने घाला. बांगड्या हातातच राहू द्या, गळा मात्र तयार होऊ द्या!