हाताला भूल, माणूस जागा

रायपूरच्या मराठी घरांत ‘भूल’ हा शब्द कधीकधी घोटाळा करून जातो. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या आजींनी “भूल कोण देणार?” असे विचारले, तर हिंदी बोलणारी परिचारिका गोंधळते, तिच्या भाषेत भूल म्हणजे चूक. उलट डॉक्टर “हाथ सुन्न करेंगे” असे म्हणाले, की आजींना वाटते, हात कायमचा गेला! भाषांतर करणाऱ्याला यात गंमत वाटेल. संमतीच्या कागदावर सही करणाऱ्या मुलाला ती वाटत नाही.

छत्तीसगड हा भाताचा मुलूख. मळणी यंत्रात किंवा गिरणीच्या पट्ट्यात हात सापडला आणि तो गृहस्थ नुकताच जेवलेला असला, तर त्याला पूर्ण बेशुद्ध करण्यात धोका असतो. पोटातील अन्न उलटून फुप्फुसात शिरू शकते. अशा वेळी केवळ हात बधिर करणे पुष्कळदा सोयीचे ठरते.

हाताचे मज्जातंतू मानेतील मणक्यांमधून पाच मुळांनी निघतात, एकमेकांत गुंफले जातात आणि गळ्याखालच्या आडव्या हाडामागून काखेत उतरतात. या वाटेवर योग्य जागी औषध सोडले, की पुढचा भाग काही तास बधिर होतो. खांद्यासाठी सुई मानेच्या बाजूस, कोपर व पंजासाठी त्या हाडाजवळ किंवा काखेत. मानेच्या त्वचेचे तंतू निराळे. तेही असेच बधिर करता येतात. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीची शस्त्रक्रिया कधीकधी रोग्याला जागे ठेवून करतात, ती यामुळेच. तो बोलतो आहे, सांगितल्यावर मूठ आवळतो आहे, तोवर मेंदूला रक्त पोहोचते आहे हे कळते.

१९११ साली जर्मनीत हिर्शेल यांनी काखेतून व कुलेनकाम्फ यांनी हाडाच्या वरून ही सुई दिली; कुलेनकाम्फ यांनी तर ती स्वतःवरही करून पाहिली. तेव्हा सारा भरवसा बोटांच्या अंदाजावर, आणि फुप्फुसाचे टोक तेथून अगदी जवळ! १९९४ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत औषध सोडले. गर्भातील बाळ दाखविणारे तेच यंत्र.

तरीही ही भूल निर्धोक मात्र नव्हे. मानेजवळ दिलेल्या सुईने त्या बाजूचा श्वासपटल काही तास दुबळा होतो. म्हणून दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार मुळीच लपवू नये. भूलतज्ज्ञ मग खालची जागा निवडतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. शेवटचे जेवण केव्हा झाले ते खरे सांगावे. बेत बदलून पूर्ण भूल द्यावी लागण्याचा संभव असतोच. सुई चालू असता कानात गुणगुणले, जिभेला धातूची चव आली, तर तत्क्षणी बोलावे. औषध रक्तात अधिक गेल्याची ती खूण असते.

घरी आल्यावर बधिर हात झोळीत ठेवावा, चुलीपासून व गरम पाण्याच्या पिशवीपासून दूर. त्याला चटका कळत नाही. धाप लागली, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतरही संवेदना परतली नाही, तर रुग्णालय गाठावे. वेदना बहुधा मध्यरात्री एकदम जागी होते; म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बोटांत झिणझिण्या सुरू होताच घ्यावी, हात ठणकेपर्यंत थांबू नये.