आधी विजय, मग परतफेड

शोकांतिकेचा नायक मुळात दुष्ट नसतो. तो थोर असतो आणि एका दोषापायी कोसळतो. आचार्य रविषेणांच्या सातव्या शतकातील संस्कृत पद्मपुराणातला रावण असाच आहे. तो दहा तोंडांचा राक्षस नव्हे. बालपणी गळ्यातील रत्नहारात मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशानन. तो शूर, विद्यावंत आणि जिनभक्त विद्याधर राजा आहे. नलकूबराची पत्नी उपरंभा अनुरक्त झाली असता त्याने तिला समजावून पतीकडेच परत पाठविले. आपल्याला न इच्छिणाऱ्या स्त्रीचा स्वीकार करणार नाही, असे व्रत त्याने केवली भगवंतांसमोर घेतले. सीतेचे हरण केल्यावरही ते मोडले नाही.

मग असा पुरुष बुडाला कशाने? मोहाने, हे उत्तर अपुरे आहे. मोह तर अखेरीस ओसरला होता.

फाल्गुनातील अष्टाह्निक पर्वात शांतिनाथ जिनालयात बसून त्याने बहुरूपिणी विद्या सिद्ध केली. त्यानंतर तो सीतेकडे गेला, तेव्हा रामाच्या चिंतेने ती मूर्च्छित पडली. ते पाहून रावणाचे मन द्रवले. परस्परांवर जीव असलेल्या पतिपत्नींची आपण ताटातूट केली, बिभीषणाचे हिताचे बोल झिडकारले, हे त्याला उमगले. सीतेला परत करावे, इथवर विचार आला आणि तेथेच मानकषाय आडवा आला. आता परत केली तर जग म्हणेल, रावण भ्याला. म्हणून त्याने ठरविले, आधी राम-लक्ष्मणांना रणात जिंकून जिवंत पकडावे, मग सीता सन्मानाने स्वाधीन करावी.

निर्णय योग्य होता, त्याला जोडलेली अट घातक ठरली. युद्धात त्याने सोडलेले चक्र लक्ष्मणाच्याच हाती स्थिरावले. तेव्हाही सीता देऊन प्राण वाचविता आले असते. त्याने ते नाकारले आणि स्वतःच्याच चक्राने तो मारला गेला.

चार कषायांत मान ओळखणे विशेष कठीण, कारण तो घराण्याची अब्रू, पेढीची पत अशी भारदस्त नावे धारण करून येतो. भावाचा हिस्सा अडवून धरणे बरे नव्हे, हे कळत असते. पण आधी त्याने नमावे, मग देऊ, असे मन म्हणते. लंकेतही देण्याला नकार नव्हता. अडले ते आधी जिंकण्यापाशी.